कोयत्याचं कुंकू

दीपमालाबाई आमच्या शाळेत गणित शिकवतात; मीही तिथलाच शिक्षक. रोज वडवणीहून एसटीने येतात आणि उत्तर बरोबर आलं तरी पोरांना सोडत नाहीत. "कसं जमलं?" हे विचारल्याशिवाय त्यांचा तास पुढे सरकत नाही. मला या सवयीचा वैताग यायचा. जमलं ना, मग झालं की.

सातवीत, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली योगिता चांगल्या गुणांनी पास झाली, ती आईच्या नवसामुळे, असं घरात ठरलं. आई सरस्वतीबाईंनी देवीला नारळ वाहिला. आठवीला त्या थेट साडीचोळीचा नवस बोलल्या आणि पोरगी निर्धास्त झाली. पुस्तकावर धूळ बसली. सहामाहीत गणितात नापास. "हिच्या नशिबात कोयताच हाय," म्हणत आईने तिला ऊसतोडीला माजलगावकडे न्यायचं ठरवलं. मी गेलो असतो तर नवसावर भाषण ठोकून आलो असतो. बरं झालं, तिच्या घरी दीपमालाबाई गेल्या.

दारात ट्रॅक्टर उभा होता. निघण्याआधी सरस्वतीबाई कोयत्याला हळदकुंकू लावत होत्या. बाई त्यांच्या शेजारी टेकल्या.

"कुंकू लावलं की कोयता आपोआप ऊस तोडतो का हो?"

"आपोआप कसा तोडंल, बाई? हात चालवावा लागतो."

"मग हिचाबी हात चालू द्या. देवीला तुमी सांगा. गणिताचं आमी दोघी बघतो."

सरस्वतीबाईंनी कोयता बाजूला ठेवला. मग लेकीचं बोचकं त्यांनीच ट्रॅक्टरमधून खाली काढलं. योगिता गावातल्या, आईबाप तोडीला गेलेल्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात राहिली.

शाळा सुटली की दोघी फळ्यापाशी. चुकलेलं गणित बाई पुसू देत नसत, त्याच्याच शेजारी पुन्हा करायला लावत. जमलं की ठरलेला प्रश्न.

"देवीनं केलं," योगिता म्हणायची.

"ते हायच. अजून?"

पोरगी पुढचं गणित मांडायला घ्यायची. एक दिवस मात्र हळूच म्हणाली, "काल चुकलं व्हतं, ते रात्री परत केलं. म्हणून."

बाईंनी त्या दिवशी तिला लवकर सोडलं.

उन्हाळ्यात निकाल लागला. योगिता गणितात पास झाली. तोडीवरून परतलेल्या सरस्वतीबाई देवीची ओटी भरून, ताट हातात घेऊनच शाळेत आल्या. त्यांनी लेकीचा हात धरला. बोटाला घट्टा पडला होता.

"ह्यो कशाचा गं?"

"लिहून लिहून पडलाय."

सरस्वतीबाईंनी आपला घट्ट्यांनी भरलेला तळवा तिच्या हाताशेजारी धरून पाहिला. मग त्यांनी ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि लेकीच्या त्या बोटाला लावलं, कोयत्याला लावतात तसं.