गुडघ्यातली फट

नांदेडच्या ज्या एक्स-रे सेंटरात मी पेशंटची नावं लिहून घेते, तिथले फिल्म काढणारे काका गुडघेदुखीवाल्याला कधी झोपू देत नाहीत. कितीही कळ येवो, उभंच करतात. "झोपून काढला की फट मोठी दिसती. खोटी असती ती."

मग फिल्म खिडकीशी धरून दोन हाडांमधल्या काळ्या फटीवर नख फिरवतात. "कूर्चा इथं असती, फिल्मवर दिसत न्हाई. तिच्यातल्या पेशी आपल्या भवतीची गादी सोताच विणतेत, सोताच उसवतेत. वय झालं की उसवणं लई, विणणं कमी." फट मिटलेली असली तर तोंडावर सांगतात. बाया रडतात. काका पुढचं नाव पुकारतात.

नवरात्राआधी त्यांनी स्वतःच्या आईला आणलं. यंदा माहूरच्या पायऱ्या चढायच्याच, हा तिचा हट्ट. इथं सगळे राहतात तशी तीही भिंतीला धरून उभी राहू लागली. काकांनी तिला हळूच टेबलावर आडवं केलं.

फिल्म खिडकीशी धरून म्हणाले, "बघ माय, हाय की अजून जागा."

नख मात्र त्यांनी फटीवर फिरवलं नाही.