त्रेसष्टावा व्हॉल्व

पाणीखात्यात तीस वर्षं काढली की किस्से नळावरच्या हंड्यांसारखे रांग लावतात. एक भरला की मागचा पुढे सरकतो! कॉम्प्युटर आला त्या वर्षाचे मात्र मी आधी भरून घेतो, कारण त्या वर्षी माझी चावी गेलेली.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. छातीएवढी उंच, लोखंडी. कल्याणच्या आमच्या भागातले रस्त्याखालचे व्हॉल्व तिनेच उघडायचे, तेव्हा कुठे गल्लीत पाणी.

*

कॉम्प्युटरला एसीची खोली दिली. आम्हाला एक पंखा, तोही उन्हाळ्यात बंद! दाराशी पाटी : चपला बाहेर काढाव्यात. नवे इंजिनियर प्रधान साहेब माझ्यावरच ओरडले, "नाना, धूळ येते आत!"

"साहेब, देवळात चपला काढल्या तर निदान खोबरं तरी मिळतं!"

*

टाइप करायला जोशी मॅडम. "नाना, व्हॉल्व कुठे कुठे आहेत सांगा."

"एक शिंप्यासमोर, एक गोठ्यामागे, एक पाटलीणबाईंच्या तुळशीजवळ..."

"असं नाही हो. नंबर सांगा!"

"तुमच्या नवऱ्याला काय नंबराने हाक मारता?"

मॅडमनी की-बोर्डवर कव्हरच घातलं.

*

शेवटी माणसं फिरवून झाकणांवर रंगाने नंबर टाकले. बासष्ट भरले. मी म्हटलं, "त्रेसष्ट आहेत."

"रस्ते पालथे घातले, नाना. कॉम्प्युटरमध्ये बासष्ट, म्हणजे बासष्ट!" कुठे आहे ते साहेबांनी विचारलंसुद्धा नाही.

टाइमटेबल छापून निघालं. कागद बघून आता कोणीही व्हॉल्व फिरवेल, म्हणून माझी चावी जमा. मला गेटवर स्टूल! "आराम करा," म्हणे. अरे, आराम करायला मी काय एसीतला कॉम्प्युटर आहे?

*

चौथ्या दिवशी कोळीवाड्यातली सरूबाई रिकामा हंडा घेऊन थेट एसीत. चपलांसकट!

"आमचे वाड्यान तीन दिस पानी नाय!"

साहेबांनी कागद दाखवला. "बाई, कॉम्प्युटर सांगतोय, रोज सहाला सोडलंय."

सरूबाईने हंडा कॉम्प्युटरसमोर आदळला. "मंग याचेतूनच भर!"

मागे वीस बायका, वीस हंडे.

*

साहेब स्वतः चावी खांद्यावर टाकून गेटवर आले. "नाना, चला हो!"

"येतो. पण चावी परत मागायची नाही."

"नाही मागत! रिटायर होईपर्यंत तुमचीच!"

पुढे मी, मागे साहेब, त्यांच्यामागे हंड्यांची वरात. नाक्यावरच्या मारुतीच्या देवळात मी चपला काढून शिरलो. कोळीवाड्याचा व्हॉल्व इथेच; देऊळ त्यानंतरचं, लोकांनी बांधताना झाकण आत घेतलेलं. देवापुढची सतरंजी उचलली. खाली झाकण!

"सापडला! त्रेसष्ट!" साहेब धावतच उंबऱ्यापर्यंत आले.

मी चावी आडवी धरली.

"बूट बाहेर, साहेब! ही माझी कॉम्प्युटर रूम!"