आखाडातली गाभोळी

"मास्तर, बैठक होईस्तोवर तेवढे मासे साफ करा. तुमच्या लोकांला सवय हाय."

पाटलांनी हे मला म्हटलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भाषण पाठ करून गेलेल्या मला.

विद्यापीठाचं नामांतर व्हायचं होतं अजून. जिंतूरकडच्या एका गावात मी शाळामास्तर. आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरांनी तळं राखायचं मंडळ काढलेलं. मासेमारी कधी, कुठं करायची हे दर आखाडात तळ्यावरच ठरायचं. ठरवणारे तिघंच. पाटील, ठेकेदार आणि मत्स्य खात्याचे साहेब. ठरलं की तिथंच माशाचं जेवण. आमचं म्हणणं साधं होतं. मासे गाभोळीवर असतात, पोटात अंडी असतात, तेवढे दिवस जाळं नको. आणि ठरवताना मंडळाचा एक माणूस हवा. तळ्यातले मासे सरले की आधी आमच्याच ताटातलं कालवण जातं.

साहेब म्हणाले, "या की." मंडळानं मला धाडायचं ठरवलं. मी असा फुगलो की बायको म्हणाली, "आवो, लग्नाला निघालात का बैठकीला?"

खुर्च्या तीनच होत्या. माझ्यासाठी माशांचं घमेलं.

आणि मी बसलो की हो! उकिडवा, शर्ट सावरत. डी.एड. झालेल्या हातानं सुरी उचलली.

पहिला मासा फाडला. पिवळी गाभोळी बोटांवरून ओघळली. दुसऱ्यातही तेच. मंडपातून ठेकेदार ओरडला, "विद्यापीठाचं नाव बदला म्हणून भागंना, आता माशाच्या बाळंतपणाला सुट्टी मागायलेत!"

सगळे हसले. साहेबसुद्धा. चारचौघं हसले की मीही हसतो, घरात अजून चिडवतात मला त्यावरून. हसू ओठापर्यंत आलं होतं. हाताकडं बघितलं. ते तिथंच मेलं.

घमेलं उचललं. साहेबांच्या टेबलावर ठेवलं. कागदांवरच.

"आरं, हात तरी धू!" पाटील ताडकन उठले.

"न्हाई धुणार. आधी बोलणार. बोलायला बोलावलं होतं मला."

ओल्या हातानं खिशातलं भाषण काढलं तर त्याचा लगदा. बरंच झालं. त्यात 'नम्र विनंती' फार होती. तोंडानं सांगितलं. तळं सगळ्यांचं हाय, आमाला इचारल्याबिगर जाळं पडायचं न्हाई.

साहेब म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी जाळं पडलं. पुढचं वर्षभर वस्तीच्या गळाला नुसतं शेवाळ लागलं.

पुढल्या आखाडात मंडळाला कुणी बोलावलं नाही. मी घरातली एकुलती खुर्ची डोक्यावर घेतली. एक पाय आखूड, त्याखाली वीट लागते. वीट बायकोनं घेतली. मागं अख्खी वस्ती.

खुर्ची साहेबांसमोर मांडली. बसलो. कुणी कुणी सुरीकडं बघितलं. मी नाही.

आता मी मासे साफ करतो ते माझ्या घरी, माझ्या पोरांसाठी. बैठकीत मी खुर्चीवर बसतो. खुर्ची काढून घेतली, तर आम्ही सगळे तळ्यात उतरू. जाळं आमच्या अंगावर टाकावं लागेल.