ज्वारी उभी असताना

परभणीच्या शेतकी कॉलेजात मी कारकून म्हणून लागले, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांचं टेबल कुणालाच नको होतं. व्हिसा, निवास परवाना, पोलिसांकडची नोंद, सगळंच किचकट. ते माझ्याकडं आलं आणि मला आवडलं. नियम नीट वाचले की कळतात, असा माझा विश्वास होता.

सुदानहून आलेला एक विद्यार्थी रब्बी ज्वारीवर प्रयोग करत होता. पहिल्या साली पेरणीनंतर पाऊस असा कोसळला, की उगवलेलं सगळं कुजलं. त्यानं दुसऱ्या साली पुन्हा पेरलं. या खेपेला कणसं डोलू लागली आणि परवान्याची मुदत संपत आली. मुदतवाढीचा अर्ज मी वेळेत केला होता. पण पोलिसांचा अहवाल मुंबईला गृहखात्यात गेल्याशिवाय तो पुढं सरकणार नव्हता, आणि नामांतराच्या आंदोलनामुळं सगळे पोलीस बंदोबस्तात होते.

त्याचे प्राध्यापक म्हणाले, "जाऊ द्या त्याला. पुढच्या साली येईल परत."

"सर, परत यायला नवा व्हिसा लागेल. तो मिळेलच असं नाही. आधी ह्याच अर्जाचा निकाल लावू."

मी त्याला घेऊन पोलीस कचेरीत गेले. फौजदार जागरणानं थकलेले. म्हणाले, "बाई, मुदत संपली की माघारी जायचं. सोपं हाय."

'मुदत' त्याला लगेच कळलं. शब्द त्याच्या अरबीतलाच. वसतिगृहातल्या स्वयंपाक्याकडून शिकलेल्या दखनीत तो म्हणाला, "साहब, थोडी मोहलत देव. ज्वारी खडी है."

फौजदारांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. ते पोखर्णीकडच्या शेतकरी घरातले. "दाणा भरलाय का?" त्यांनी मला विचारलं.

"चला, दाखवते," मी म्हणाले.

ते खरंच जीप काढून आले. बांधावर उभं राहून बराच वेळ पीक पाहिलं आणि सवयीनं एका कणसाला हात घातला. विद्यार्थ्यानं त्यांचं मनगट धरलं. "ये नक्को साहब. ये गिनती का है."

मग त्यानंच त्यांना कडेच्या ओळीत नेलं. ती प्रयोगात धरत नाहीत. तिथलं कणीस फौजदारांनी मोडलं, दाणा नखानं दाबला. दूध आलं, म्हणजे दाणा अजून भरत होता.

"असं पीक टाकून कोण जातंय? उद्या पाठवतो अहवाल."

"आजच पाठवा साहेब. मुदतीच्या आत गेला पाहिजे."

ते हसले. संध्याकाळी अहवाल निघाला.

मुदतवाढ आली. काढणीला तो बायांबरोबर स्वतः विळा घेऊन बसला. पदवी मिळाल्यावर मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले, तेव्हा विचारलं, घरी जाऊन आधी काय करणार?

"आधी झोपीन," तो मराठीत म्हणाला. "मंग पेरीन."