डल्सी पेगलरचा फेब्रुवारी

डल्सी पेगलरने बत्तीस वर्षं शाळेतल्या मुलांना जेवण करून घातलं आणि निवृत्त झाल्यावर ती आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, मेलेल्या माणसांच्या मागे लागली. दोन्ही कामं तिने एकाच पद्धतीने केली. शाळेत प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड असायचं, कार्डं डब्यात ओळीने लावलेली असायची आणि ओळ मोडणाऱ्याची ती खरडपट्टी काढायची. मेलेल्यांच्या बाबतीतही तेच झालं.

आमची पॅरिश एक, चर्च मात्र दोन. वरच्या कॉली गावाचं टेकडीवर, खालच्या कॉलीचं ओढ्याकाठी, मधे जेमतेम मैलभर अंतर. असं का, म्हणून विचारलंत तर वरचे सांगतील, खालचं चर्च पुरात बुडायचं म्हणून आम्ही आमचं बांधलं. खालचे सांगतील, वरच्यांना आमच्या शेजारी बसायला कमीपणा वाटायचा. दोन्हींपैकी कशालाच कागदाचा आधार नाही. कागद आहे तो एवढाच, की जुन्या काळी लग्नं खाली लागायची आणि बाप्तिस्मे वर व्हायचे. त्यामुळे एकाच घरच्या माणसांच्या नोंदी दोन वेगळ्या वह्यांत पडल्या. डल्सीला हा पसारा बघवेना.

"एक माणूस, एक कार्ड," ती म्हणाली आणि कामाला लागली. नऊ वर्षं लागली तिला. दोन्ही चर्चच्या वह्यांतली एकेक नोंद तिने कार्डावर उतरवली आणि कार्डं वर्षावार लावली. प्रत्येक वर्षात जानेवारी पुढे, डिसेंबर मागे. जुन्या वहीत एका कारकुनाने डिसेंबरनंतर त्याच सालचा जानेवारी आणि फेब्रुवारी लिहिले होते. तो दारू पिऊन लिहीत असणार, असं डल्सीचं ठाम मत होतं. त्याचे महिने तिने नीट जागच्या जागी लावून दिले.

वरच्या चर्चला सातशे वर्षं झाली तेव्हा पाद्रीबाईंनी तिला पॅरिशचा छोटा इतिहास लिहायला सांगितला. कॉम्प्युटर माझ्याकडे होता, म्हणून टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चौदाव्या पानावर स्टिंचकम घराण्याची हकीगत होती. घराण्याचा मूळ पुरुष जॉन, त्याचा बाप्तिस्मा अकरा फेब्रुवारी सतराशे एकवीस. आई-बापांचं लग्न सत्तावीस एप्रिल सतराशे एकवीस. खाली डल्सीचं वाक्य : 'म्हणजे जॉन हा लग्नाआधीच जन्मला होता.'

"हे घालायलाच हवं का?" मी विचारलं.

"नोंद आहे."

"आयव्हर वाचेल ना."

"तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मर्विन. आयव्हरचं काय जातंय त्यात? तू टाइप कर. डोकं नंतर चालव."

मी टाइप केलं. आजही त्याबद्दल माझा मलाच राग येतो, कारण डोकं तेव्हाच चालवायला हवं होतं.

आयव्हर स्टिंचकम हा वरच्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या. सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं. सगळ्यांत जड घंटा त्याची, तिसरी माझी. डल्सी आणि तो शाळेत एका वर्गात होते. दर शनिवारी सकाळी तो तिच्या दाराशी मळ्यातल्या लीकची, म्हणजे जाड पातीच्या कांद्याची, जुडी ठेवून जायचा, दार वाजवायचा नाही. रविवारी घंटा झाल्या की ती त्याला जेवायला घालायची. तिचा नवरा गेल्यापासून हे असंच चालू होतं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आयव्हरच्या आईचं, ऑलिव्हचं, लग्न झालेलं नव्हतं. पोराचा बाप कोण ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि गाव सोडून ती कुठे गेलीही नाही. हे सगळ्या कॉलीला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. न बोलण्यात आम्ही पटाईत आहोत.

पुस्तिका आली त्या आठवड्यात पबमध्ये खालच्या कॉलीच्या एका टग्याने चौदावं पान मोठ्याने वाचलं आणि आयव्हरकडे बघून म्हणाला, "घराण्याची रीत बरीच जुनी दिसते की तुमची." लोक हसले. मीही हसलो असणार, कारण नंतर तोंड सरळ केल्याचं मला आठवतं. आयव्हरने अर्धा भरलेला ग्लास खाली ठेवला आणि तो निघून गेला.

रविवारी त्याचा दोर तसाच लटकत राहिला. आम्ही पाचच घंटा वाजवल्या. शनिवारी लीकही आले नाहीत.

"रुसलाय," डल्सी म्हणाली. "येईल आपोआप."

आयव्हर आला नाही. उन्हाळा गेला, नाताळही पाच घंटांवर भागवला. डल्सी शनिवारी सकाळी चार-चारदा दार उघडून बघायची. मी विचारलं तर म्हणायची, मांजर शोधतेय. तिच्याकडे मांजर नव्हतं.

हिवाळा सरता सरता तिला जिल्ह्याच्या दप्तरखान्यातून जेकब हेल नावाच्या लोहाराच्या मृत्युपत्राची नक्कल मिळाली. त्याचं कार्ड काढून तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

"मर्विन, या जेकबला जानेवारी सतराशे तेवीसमध्ये पुरलंय आणि मृत्युपत्र केलंय त्याच वर्षीच्या मे महिन्यात."

"सावकाश माणूस असेल."

ती हसली. खूप दिवसांनी हसली. मग हसता हसता थांबली आणि तिने दप्तरखान्यात फोन लावला. मला फक्त तिचीच बाजू ऐकू येत होती. "हो. मार्चमध्ये? पंचवीस मार्चला? आणि हे कधीपर्यंत? सतराशे बावन्न." तिने फोन ठेवला आणि जॉन स्टिंचकमचं कार्ड काढलं.

त्या काळी आमच्या देशात वर्ष बदलायचं पंचवीस मार्चला. सतराशे एकवीसचा फेब्रुवारी हा सतराशे एकवीसच्या डिसेंबरनंतर यायचा. कारकुनाने अगदी बरोबर लिहिलं होतं. डल्सीने त्याची ओळ मोडून फेब्रुवारी पुढे आणला होता.

"लग्न एप्रिलमध्ये, बाप्तिस्मा पुढच्या फेब्रुवारीत," ती म्हणाली. "साडेनऊ महिने होतात, मर्विन. जॉनच्या आईने काहीसुद्धा वावगं केलं नव्हतं. आणि त्या कारकुनाला मी दारुडा म्हटलं."

"मग आयव्हरकडे जा की."

"नुसत्या तोंडाने जाऊ? आधी निस्तरते, मग जाते."

तिने चुकीच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. उरलेल्या पुस्तिकांत त्या चिकटवल्या, मग गेलेल्या पुस्तिकांसाठी डिंकाची बाटली पिशवीत टाकून घरोघर फिरली. पबमधली प्रतही तिने सोडली नाही. पॅरिशची वार्षिक सभा त्या वर्षी खालच्या चर्चमध्ये होती. गटारांचा आणि कुंपणाचा विषय संपल्यावर ती उभी राहिली आणि आपण काय चुकलो ते तिने स्वच्छ सांगितलं. आमच्याकडे असं कुणी करत नाही. लोक आपापल्या बुटांकडे बघत बसले. आयव्हर सभेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीतून वर घेऊन गेलो. आयव्हर मळ्यात खणत होता. तिने चिठ्ठी पुढे केली. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून खिशात घातली.

"बरं केलंस," तो म्हणाला. "जॉनला बरं वाटेल."

"चूक झाली माझी, आयव्हर."

"चुकीचा राग नव्हता मला. तू अगदी बरोबर वाचलं असतंस तरी ते पबमध्ये तसेच हसले असते. जॉनच्या आईला हसत होते होय ते? त्या बाईला कोण ओळखतं इथे?"

डल्सीच्या हातातली पिशवी उगीचच इकडून तिकडे झाली. मी कोबीकडे बघत उभा राहिलो. तिथून निघून जावं असं फार वाटत होतं, पण तिला परतही मलाच न्यायचं होतं.

"शाळा सुटल्यावर तुझी आई तुला न्यायला यायची," डल्सी म्हणाली. "भिंतीवर बसून पोरं तिला चिडवायची. मीही चिडवायचे."

"तू सुरुवात करायचीस."

"हो. मी सुरुवात करायचे."

"आणि तू मोठी झाल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं तुझ्या हाताखाली भांडी घासली तिने. संध्याकाळी घरी येऊन म्हणायची, आज डल्सी काहीतरी बोलणार होती, असं वाटलं बघ."

"बोलणार होते."

"कधी?"

"रोज," डल्सी म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला नवऱ्याच्या दफनालाही रडताना पाहिलं नव्हतं.

आयव्हरने तिला रडू दिलं. मग म्हणाला, "आता जाऊन बोल. चर्चच्या मागे उत्तरेच्या भिंतीला कबर आहे तिची. कार्डावर जागा लिहिलेली असेलच तुझ्या."

"नाही."

"जागा नाही लिहिलीस?"

"कार्डच नाही केलं." तिने नाक पुसलं. "दोन हजार तीनशे केली. दरवेळी वहीत तिच्या नावापाशी आले की पान उलटायचे."

मला वाटलं, आता आयव्हर घरात जाऊन दार लावून घेणार. त्याने फावडं जमिनीत रोवलं आणि हात पँटला पुसले.

"चल," तो म्हणाला. "दाखवतो."