चर्चमध्ये दाद द्यायची नाही

इंग्लंडमधल्या रीडिंग गावी ज्या चर्चमध्ये माझी बायको गायची, तिथे दर गुड फ्रायडेला मी तोंड मिटून बसत असे. हा नियम तिचाच. पहिल्या वर्षी गाडी पार्क करतानाच तिने बजावलं, "अहो, इथे दाद द्यायची नाही. ही मैफल नाही. 'वा' नाही, 'क्या बात है' नाही, मांडीवर ताल तर मुळीच नाही. आणि आज शेवटी टाळ्यासुद्धा नसतात."

पुण्यात गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला हे म्हणजे पान वाढून हात बांधण्यासारखं होतं. पण मी पाळलं. एरवी माझं कौतुक व्हावं असं घरात फारसं काही घडत नसे.

चर्चच्या गायकवृंदात, म्हणजे क्वायरमध्ये, ती ऑल्टो होती, म्हणजे बायकांच्या दोन आवाजांतला खालचा. तीनशे वर्षांपूर्वीच्या, बरोक काळातल्या प्रार्थनांमध्ये चाल वरच्यांना मिळते आणि आमच्याकडे नुसती सुराची राखण, अशी तिची तक्रार असे. दर गुड फ्रायडेला गायच्या प्रार्थनेतली एक जागा मात्र तिची लाडकी होती. तिथे बाकीचे आवाज पुढे सरकतात, ऑल्टो जुना सूर सोडत नाही. तो बोचू लागतो, नकोसा होतो आणि मग एकच पायरी खाली उतरतो. सगळं निवतं. भांडी घासताना ती हे गायची. मी पुस्तकं वाचून ती जागा तिलाच समजावून सांगत असे. ती ऐकून घ्यायची.

ती गेल्यानंतरच्या गुड फ्रायडेला क्वायरने तीच प्रार्थना तिच्या आठवणीसाठी गायचं ठरवलं. निदान त्या दिवशी माझ्यामुळे तिची मान खाली जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. इथेच जन्मलेली आमची मुलगी शेजारी बसली आणि मोबाईल बंद करत म्हणाली, "बाबा, तुझा वा-वा खिशात ठेव हां. प्लीज."

"मी काय लहान आहे?"

"नाही, म्हणून तर सांगते."

ती जागा आली. ऑल्टोंनी सूर धरला, तो बोचला, उतरला. आणि खणखणीत "वा!" ऐकू आला. हा कोण अडाणी, म्हणून मी मागे वळलो. मागची सगळी रांग माझ्याकडे पाहत होती.

"बाबा!" मुलीने माझा कोट ओढला.

नंतर हॉलमध्ये चहा होता. मी इंग्रजीत एक लांबलचक माफी जुळवून ठेवली होती. बायकोच्या शेजारी उभी राहून गाणारी म्हातारी ऑल्टो समोर आली आणि मी तोंड उघडायच्या आत तिने माझा हात धरला.

"म्हणजे हाच तो 'वा'! तुमची बायको सांगायची, 'नवऱ्याला मी गप्प बसायला शिकवलंय. पण ही जागा खरी लागली, तर त्याला राहवणार नाही.' दर वर्षी चहा घेताना म्हणायची, 'छे, यंदाही नाही.'"

गाडीत मुलगी हसत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. मी चिडलो होतो. इतकी वर्षं नेमक्या त्याच जागेवर मी जीभ दाताखाली धरली, तीही तिच्याच हुकमाने. आणि बाईसाहेब तिकडे वाट बघत होत्या! हे तिला चांगलं सुनावायचं, म्हणून मी मनात वाक्यं जुळवू लागलो. दारात किल्ली फिरवेपर्यंत ती छान जुळून आली होती.