बाबांनी वाढवलेले आर्टेमिया

अकोल्यातल्या माझ्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. गेल्या वर्षी तिच्यात मी मँडरिन मासा आणला, बोटाएवढा, निळ्या-हिरव्या नक्षीचा. हा कोरडं खाद्य खाणार नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं. मी ते मनावर घेतलं नाही. थोड्याच दिवसांत माशाचं पोट खपाटीला गेलं, तेव्हा मी आर्टेमियाची अंडी मागवली. आर्टेमिया म्हणजे कोळंबीच्या कुळातले इवलेसे जीव. मिठाच्या पाण्यात अंडी टाकायची, खालून हवेची नळी सोडायची, वर दिवा लावायचा. दुसऱ्या दिवशी पाण्यात ठिपके पोहायला लागतात. मँडरिनला हलणारंच खाणं लागतं.

त्याच सुमारास आई गेली आणि बाबा दर्यापूरकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आले. आम्ही नवरा-बायको दिवसभर नोकरीवर. बाबा खिडकीशी बसून राहायचे. मी त्यांना मिठाचं पाणी कालवताना दिसलो, तेव्हा ते कितीतरी दिवसांनी हसले. आमच्या गावच्या विहिरी खारट. आई लांबून गोडं पाणी आणायची.

“आमी जन्मभर खाऱ्या पाण्यापासून पळालो,” ते म्हणाले, “अन् तू गोड्या पाण्यात मीठ घालून राहिला.”

मी तो सगळा पसारा त्यांच्यावर सोपवला. मोठे आर्टेमिया माशाला जास्त पोसतात, म्हणून पिल्लं काही आठवडे वाढवायची होती. त्यांना शेवाळाचं हिरवं पाणी लागतं. बाबा ते पाणी उन्हात ठेवायचे, ढवळायचे, बेताने घालायचे. पेपर वाचायचं भिंग घेऊन बरणीपाशी बसायचे. हे जीव उताणे पोहतात, हे त्यांनीच मला दाखवलं. अमरावतीच्या माझ्या बहिणीला फोनवर तेच कौतुकाने सांगायचे. घरात पुन्हा त्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

एकदा त्यांनी विचारलं, मोठे झाल्यावर यांचं काय करायचं. टाकीत सोडायचे, असं मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण बाबा त्याचा काय अर्थ घेतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. आई गेल्यापासून त्यांनी मटण सोडलं होतं, आणि रोज सकाळी बुद्धासमोर हात जोडून ते पंचशील म्हणत. त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. ते संध्याकाळी विहारात गेले की मी जाळीने थोडे आर्टेमिया काढायचो आणि माशाला घालायचो.

एके दिवशी ते लवकर परतले. मी टाकीत जाळी रिकामी करत होतो. आपण वाढवलेले जीव मोठ्या पाण्यात चालले, म्हणून ते आनंदाने जवळ आले. दगडामागून मँडरिन निघाला, थबकला, एक टिपला, मग दुसरा. बाबा वाकून पाहत राहिले.

“हा खाऊन राहिला त्यायले.”

मी हो म्हणालो. तो दुसरं काही खातच नाही, हेही सांगितलं.

“तू मले सांगतलं काहून नाई?”

तुम्हाला वाईट वाटलं असतं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

“मासा उपाशी मरू नये, हे मलेबी समजते. पण मी यायले कोणासाठी वाढवून राहिलो, एवढं तरी मले ठाऊक पायजे होतं.”

ते चिडले नाहीत. जेवले, झोपायला गेले. सकाळी नेहमीसारखं हिरवं पाणी ढवळलं, बरणीत बेताने घातलं. फक्त भिंग हातात घेतलं नाही, आणि त्यानंतर कधीच घेतलं नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या महिन्यात गुडघ्याच्या इलाजासाठी बहीण त्यांना अमरावतीला घेऊन गेली. गुडघा बरा झाला, पण ते तिथेच रमले. बायको म्हणते, त्याचा नि माशाचा काही संबंध नाही. तिथे त्यांची जुनी ओळखीची माणसं आहेत. असेलही. मासा आता गुटगुटीत झाला आहे आणि बरणीचं सगळं मीच करतो. बाबांच्या खिडकीशी उभा राहून पाणी ढवळताना मला फार ओशाळल्यासारखं होतं.

मागे एकदा फोनवर मी म्हणालो, तिकडे येताना तुमच्यासाठी अंडी आणि एक बरणी घेऊन येतो, माशाबिशाचा प्रश्न नाही, नुसते वाढवा.

“नको,” ते म्हणाले. “आता पायलं तर मले तो मासाच दिसन.”

मी गुडघ्याची चौकशी केली, आणि त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं.